सांगलीचा बारगीर

ज्या विद्येला अद्याप स्वतःचा बाजार लाभलेला नाही, ती प्रथम एखाद्या दरबाराच्या आश्रयाला उभी राहावी आणि तो आश्रय डळमळू लागला म्हणजे निरुपायाने आपले पोट आपण भरू लागावे, असा प्रकार कृष्णाकाठच्या पटवर्धनी मुलुखात पुनःपुन्हा घडलेला दिसतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने व खर्चाने. परंतु १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा हात आखडला गेला, आणि नाटकाचा तो संसार बैलगाड्यांत भरून गावोगाव हिंडणे भाव्यांना भाग पडले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकमंडळीच्या व्यवसायाचा खरा आरंभ कोणता, सांगलीचा पहिला प्रयोग की मुंबईचे ते तिकीट, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांचेही तसेच. कुरुंदवाडकरांच्या पागेवर घोडी फिरविता फिरविता जी अश्वविद्या त्यांनी हस्तगत केली, तिच्याच बळावर १८८० च्या सुमारास त्यांनी सर्कस काढली आणि एतद्देशीय मनुष्याला या धंद्यातही उभे राहता येते हे दाखवून दिले.

याच सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म झाला. पुढे हिंदुस्थानच्या क्रिकेटसंघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे विक्रम तर वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापले आहेत की त्यांचे नवल उरलेले नाही. परंतु एका शाळामास्तराच्या आठ अपत्यांपैकी एक असलेला हा मुलगा तीस-बत्तीस वर्षे खेळत राहिला तो कोणाच्या अन्नावर, हा प्रश्न मात्र त्यांच्या चरित्रात सहसा विचारला जात नाही. वास्तविक त्या चरित्राचा कणा तोच आहे.

हजारे यांचे घराणे मराठी ख्रिस्ती. मिरज-सांगलीच्या टापूत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा काढल्या होत्या, डॉक्टर वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय दूरवर नावाजले होते, आणि त्या छायेत या भागातील ख्रिस्ती समाज शिक्षणात पुढे येत होता. मास्तरकीच्या उत्पन्नात मुलांना शाळा मिळे, पुस्तके मिळत. परंतु जो खेळ तीन-तीन दिवस चालतो आणि ज्याची बॅट, पॅड, बूट ही सारी सामग्री विलायती, तो पोटाच्या व्यवसायाशिवाय खेळत राहणे मास्तराच्या मुलाला अशक्यच होते. १९३४-३५ च्या हंगामात, म्हणजे रणजी करंडकाच्या पहिल्याच वर्षी, ते महाराष्ट्राकडून उतरले. त्यापुढचा मार्ग दोहोंपैकी एक होता. कुठे कारकुनी धरून रविवारी खेळावे, अथवा ज्याला खेळाचे वेड आणि ज्याच्या हाती खजिना असा एखादा धनी शोधावा.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग असत. शिलेदार स्वतःचे घोडे व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, आणि म्हणून त्याची मिजासही वेगळी असे. बारगिराचे घोडे सरकारी, दाणावैरण सरकारी, दरमहाही सरकारचा. लढताना मात्र दोघांचे रक्त सारखेच सांडे. क्रिकेटमध्येही हाच भेद इंग्रजांनी आपल्या परीने मांडला होता: हौशी खेळाडू तो सभ्य गृहस्थ, पैसा घेणारा तो चाकर, दोघांना मैदानात उतरण्याची दारे वेगळी आणि छापील गुणपत्रकावर नावे लिहिण्याची तऱ्हाही वेगळी. अमेरिकेत या ढोंगाचा उलगडा लवकर झाला. सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने १८६९ साली आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास आरंभ केला. त्याचा नायक हॅरी राइट याला हंगामाचे १,२०० डॉलर व त्याचा भाऊ जॉर्ज याला १,४०० डॉलर, असे आकडे आजही ग्रंथांतून वाचावयास मिळतात. (हे राइट बंधू मूळचे एका इंग्रज व्यावसायिक क्रिकेटपटूचे पुत्र, तेव्हा हा धडा त्यांनी घरीच गिरविला असला पाहिजे.) आपल्याकडे मात्र खेळाचे वेतन खेळाच्या नावाने कधी लिहिलेच गेले नाही. पुण्याच्या जिमखान्यात गोऱ्या साहेबांना चेंडू टाकणारे पालवणकर बाळू दरमहा चार रुपयांवर काम करीत, तेही मैदानावरील नोकर म्हणून. त्यांच्यासारखा गोलंदाज त्या काळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता, ही गोष्ट जिमखान्याच्या पगारपत्रकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे संस्थानिकांनी हा प्रकार अधिक भरजरी केला इतकेच. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना फौजेत हुद्दा दिला, इतरांना खाजगीत, शिकारखान्यात किंवा पोलिसात जागा दिल्या. दफ्तरात खेळाडू कोठेच नव्हता. होते ते सारे अंमलदार.

हजाऱ्यांचा पहिला धनी देवासचा. थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी या तरुणाला पदरी ठेवून घेतले, आणि त्यायोगे १९३५-३६ पासून काही वर्षे कृष्णाकाठचा हा खेळाडू मध्य हिंदुस्थानच्या संघातून खेळू लागला. हेच विक्रमसिंहराव १९४७ साली दत्तकविधानाने करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवर शहाजी छत्रपती म्हणून आले. म्हणजे सांगलीच्या मुलाला माळव्यात ठेवून घेणारा धनी अखेर सांगलीच्या शेजारी येऊन बसला, परंतु तोवर मुलगा बडोद्यास पोहोचला होता. देवासच्या काळात हजाऱ्यांना लाभलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन. ऑस्ट्रेलियाचा हा विख्यात फिरकी गोलंदाज संस्थानी पैशावर प्रशिक्षणासाठी हिंदुस्थानात आला होता. हजाऱ्यांची उभे राहण्याची ढब मोठी विलक्षण असे: बॅटच्या मुठीवर दोन्ही हातांत अंतर, आणि बॅट जणू दोन्ही पायांच्या मध्ये कुलूप लावून ठेवलेली. शास्त्राप्रमाणे हे सर्वस्वी चूक. कोणीही मध्यम बुद्धीचा शिक्षक असता तर त्याने पहिल्याच दिवशी ती ढब मोडून टाकली असती. ग्रिमेटने गोलंदाजीत हात घातला, पण फलंदाजीची ढब आहे तशीच ठेवण्यास सांगितले. शिकविणाऱ्याने काय शिकवू नये हे ओळखणे फार दुर्मिळ, आणि त्या एका संयमासाठी त्याला दिलेला सारा पैसा वसूल झाला असे मी समजतो.

या काळात महाराष्ट्राच्या संघाशी असलेले नातेही सुटले नव्हते. १९३९-४० च्या हंगामात पुण्याच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकाच्या सामन्यांत त्रिशतक झाले ते प्रथमच. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो करंडक त्या वर्षी आणि पुढील वर्षी, असा लागोपाठ दोनदा जिंकला. संस्कृतचे प्राध्यापक असलेले देवधर हे शिलेदारी परंपरेतले: पोटाचा उद्योग महाविद्यालयात, खेळ मैदानावर, आणि वयाची पन्नाशी जवळ येऊनही १९४०-४१ मध्ये मुंबईविरुद्ध २४६ धावा. अशी माणसे असतात, पण अपवादादाखल. ज्या बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी त्रिशतक ठोकले, त्याच बडोद्याने दीड-दोन वर्षांत त्यांना आपल्याकडे ओढून घेतले, यात धन्याची पारखही आहे आणि व्यवहारही.

येथे आणखी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. त्या वेळी हिंदुस्थानात सर्वाधिक गर्दी खेचणारे सामने भरत ते मुंबईस, आणि तेही जातवार: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. ख्रिस्ती खेळाडूला या चौरंगी सामन्यात पाय ठेवावयासच जागा नव्हती. १९३७ साली 'दि रेस्ट' म्हणजे 'इतर' या नावाचा पाचवा संघ निघाला, आणि ज्यांचा कोठेच अंतर्भाव होत नाही त्या सर्वांची तेथे सोय लागली. हे नाव काही गौरवाचे नव्हे. परंतु १९४३ च्या डिसेंबरात या 'इतर' संघातून हजाऱ्यांनी प्रथम मुसलमानांविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून त्या मागे टाकल्या. आणि फॉलोऑननंतर हजाऱ्यांनी ३०९ धावा काढल्या, त्या वेळी संपूर्ण संघाची धावसंख्या होती अवघी ३८७. त्यात धाकटे बंधू विवेक यांच्यासह जी ३०० धावांची भागीदारी झाली, तिच्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा. संघ अर्थातच हरला. महात्माजींसारख्यांनी ज्या जातीय सामन्यांचा निषेध केला, ते दोनेक वर्षांनी बंद पडले, हे योग्यच झाले. तथापि एका मास्तराच्या मुलाने ब्रेबोर्न स्टेडियमच्या अफाट गर्दीसमोर एकट्याने दिलेली ती झुंज त्या वाईट पद्धतीमुळेच आपल्याला पाहावयास मिळाली, हेही नाकारता येत नाही.

बडोद्याची नोकरी ही हजाऱ्यांच्या आयुष्यातील स्थिर भूमी. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या अमदानीत या संस्थानाने खेळावर मुक्तहस्ताने खर्च केला, आणि १९४२-४३ व १९४६-४७ असे दोन वेळा रणजी करंडक आणून त्या खर्चाचा जमाखर्च चोख केला. यांपैकी दुसऱ्या वेळचा अंतिम सामना मार्च १९४७ मध्ये बडोद्यासच झाला, आणि प्रतिपक्ष होता होळकरांचा संघ. पानिपतावर जी दोन घराणी एकाच जरीपटक्याखाली लढली होती, त्यांच्या वंशजांनी आपापले पगारी वीर समोरासमोर उभे करावेत, हे दृश्य इतिहासाच्या अभ्यासकाला सहजासहजी सोडवत नाही. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असता हजारे आणि गुल महंमद एकत्र आले, व त्यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भर घातली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याची धावसंख्या ७८४ झाली आणि होळकर एक डाव व ४०९ धावांनी पराभूत झाले. हा भागीदारीचा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, अबाधित राहिला. त्यानंतर पाच महिन्यांत देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले व त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. ज्या दोन दरबारांनी हा सामना भरविला होता, त्यांपैकी बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. सांगली तर त्यापूर्वीच, मार्च १९४८ मध्ये, विलीन झाली होती.

याच संधिकालात, जानेवारी १९४८ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ॲडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. कोणाही भारतीयाला हे तोवर जमले नव्हते, आणि समोर लिंडवॉल व मिलर यांची वेगवान गोलंदाजी असताना ते जमावे याला मोल अधिक. दुसऱ्या डावात संघाच्या सहा फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही, यावरून त्या १४५ धावांची जात कळावी. ब्रॅडमनने पहिल्या डावात २०१ धावा केल्या होत्या, आणि त्याचा त्रिफळा उडविणारे गोलंदाजही हजारेच. त्यांना पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तो १९४६ साली लॉर्ड्सवर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. महायुद्धाने त्यांच्या तारुण्याची ऐन वर्षे खाऊन टाकली, त्याची भरपाई कोठल्याच खजिन्यातून होण्यासारखी नव्हती.

संस्थाने गेली, तेव्हा बारगिरांनी काय केले? कित्येकांनी इंग्लंडातील लँकेशायरचा रस्ता धरला. सूतगिरण्यांच्या त्या धुरकट गावांत शनिवारी क्रिकेट होई. प्रत्येक गावाचा संघ, आणि प्रत्येक संघात वेतन देऊन आणलेला एक व्यावसायिक, बहुधा परदेशी. अमरसिंग कोल्नला, लाला अमरनाथ नेल्सनला युद्धापूर्वीच जाऊन आले होते. विनू मंकड हॅसलिंगडनला गेले, हजारे रॉटेन्स्टॉल व रॉयटन या गावांसाठी खेळले. येथे हुद्दा नाही, मुजरा नाही, महाराजांच्या स्वारीबरोबर जाणे नाही. करारात आकडा लिहिलेला, आणि शनिवारी धावा झाल्या नाहीत तर गिरणीतला कामगार तोंडावर सुनावणार. सांगलीच्या मास्तराच्या मुलाला आपण खेळाडू म्हणून पगार घेतो हे कागदावर लिहिलेले प्रथम पाहावयास मिळाले ते बहुधा या गिरणगावांत.

यानंतर १९५१ साली भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. १९३२ च्या दौऱ्यात संघनायक पोरबंदरचे महाराज होते, १९३६ साली विजयानगरमचे महाराजकुमार, १९४६ साली पतौडीचे नवाब. ज्यांच्या पदरी खेळाडू असत तेच संघाचे धनी. ती रीत अमरनाथांनी मोडली, आणि हजाऱ्यांच्या नेमणुकीने ती मोडलेलीच राहिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्या संघाने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी हरविले. पंचविसाव्या कसोटीत भारताने मिळविलेला तो पहिला विजय, आणि त्यात मंकडांचे १२ बळी. जूनमध्ये त्यांचा संघ लीड्सच्या मैदानावर उतरला तेव्हा प्रतिपक्षाचा नायक होता लेन हटन. आधुनिक काळात इंग्लंडने व्यावसायिक खेळाडूला कसोटीचा कर्णधार नेमले ते त्या दिवशी प्रथम. शंभर वर्षे ज्या भेदाचे एवढे अवडंबर माजविले गेले, तो लीड्सला नाणेफेकीच्या वेळी दोन पगारी खेळाडू समोरासमोर उभे राहिले असता खिळखिळा झाला. मात्र त्याची नोंद आपल्याकडे कोणी घेतली नाही, कारण दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले आणि साऱ्यांची दृष्टी त्या फलकावर खिळली. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमन याचा हॅटट्रिकचा चेंडू खेळावयास आले ते कर्णधारच. तो त्यांनी अडविला आणि ५६ धावा काढल्या. पहिल्या डावात विजय मांजरेकर या वीस वर्षांच्या पोरासमवेत २२२ धावांची भागीदारी करून ८९ धावा त्यांनी काढल्याच होत्या.

मंकड लीड्सला नव्हते, ही त्या पराभवातील सर्वांत लाजिरवाणी बाब. दौऱ्यात आपली निवड निश्चित आहे एवढे आश्वासन त्यांनी भारतीय क्रिकेट मंडळाकडे मागितले होते. मंडळाने ते दिले नाही, आणि त्यांनी हॅसलिंगडनशी करार केला. लीड्सला नाक कापले गेल्यावर त्याच गावाकडून त्यांना उसने मागून आणावे लागले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. खेळाडूला पोट असते ही गोष्ट गिरणगावातल्या क्लबाला कळत होती, आपल्या मंडळाला नव्हती.

कर्णधार म्हणून हजाऱ्यांवर भित्रेपणाचा आरोप होत आला आहे, आणि चौदा सामन्यांत एक विजय हा हिशेब त्यांच्या बाजूने बोलत नाही. ते जपून खेळत, जपून संघ चालवीत. संकोची, मितभाषी, निर्व्यसनी असा त्यांचा पिंड होता. माझ्या मते या स्वभावाचे एक मूळ त्यांच्या पेशातही शोधता येईल. ज्याची विकेट हीच त्याची तैनात, तो ती उधळण्यास धजत नाही; नबाबाला डाव फुकट घालविणे परवडते. हजारे यांनी तीस कसोटींत २,१९२ धावा केल्या त्या सरासरी ४७.६५ ने, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत एकंदर साठ शतके. एवढी पुंजी जपूनच जमते.

त्याच १९५२ सालच्या जुलैत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक जिंकत होते. साताऱ्याचा हा मल्ल आणि सांगलीचा हा फलंदाज, दोघेही कृष्णेच्या खोऱ्यातले; परंतु कुस्तीत दरबारी खुराकाचे युग ओसरले होते आणि ऑलिंपिकमध्ये पैसा घेणे निषिद्ध. १९४८ च्या लंडनवारीस करवीर दरबारने साहाय्य केले होते. चार वर्षांनी दरबार नव्हता. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तेव्हा जाधव फिनलंडला पोहोचले. परतल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक आटोपल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावून तिकिटांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे पैसे फेडले. १९५५ साली पोलिसात फौजदारी मिळाली, तीच त्यांची बक्षिसी. संस्थानी व्यवस्थेवर टीका करणे सोपे आहे, आणि ती अन्यायी होतीच. पण ती गेल्यानंतर तिच्या जागी काय आले याचा विचार जाधवांच्या गहाणखतावरून करावा लागतो.

हजारे बडोद्यासच राहिले. १९४९-५० आणि १९५७-५८ मध्ये पुन्हा करंडक आला. १९६० साली जसू पटेल यांच्यासमवेत त्यांना पद्मश्री मिळाली, क्रिकेटपटूंना ती प्रथमच. आणि प्रथम श्रेणीचे सामने ते पन्नाशी उलटेपर्यंत खेळत राहिले. दरम्यान खेळाडूंच्या नेमणुका दरबारांकडून रेल्वे, बँका आणि मुंबईच्या कंपन्यांकडे गेल्या. हुद्द्यांची नावे बदलली. कागदोपत्री मनुष्य कारकून किंवा अधिकारी, प्रत्यक्षात तो मैदानावर, ही रीत मात्र तशीच चालत आली. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास निधन पावले. भारतीय क्रिकेट मंडळाने आपल्या खेळाडूंना खेळाडू म्हणून वार्षिक वेतनाचे करार देण्यास आरंभ केला तो त्याच वर्षी.